सायकल मीटिंग आणि टीव्हीवरचा डॉक्टर

शाळेत लागण्याआधी सहा वर्षं मी औषधं विकत होतो. दुकानात बसून नव्हे, बॅग घेऊन. एम.आर. म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणारा आपला सर एकेकाळी टाय बांधून, बूट चकचकीत करून दवाखान्याबाहेर उभा राहायचा, हे आमच्या मुलांना खरं वाटत नाही. मग मी त्यांना एखाद्या गोळीची माहिती त्या काळच्या पद्धतीनं न थांबता म्हणून दाखवतो. मुलं टाळ्या वाजवतात. पाठांतर अजून पक्कं आहे.

हा धंदा बाहेरच्या माणसाला नीट कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. साबणाची जाहिरात टीव्हीवर होते, पण डॉक्टरनं लिहून द्यायच्या गोळीची तशी होत नाही. त्या गोळीचा खरा गिऱ्हाईक रोगी असला, तरी ती घ्यायची की नाही हे ठरवतो डॉक्टर. म्हणून कंपनी डॉक्टरकडे माणूस पाठवते. तो माणूस तासभर थांबतो आणि दीड मिनिट बोलतो. हातात रंगीत पानांचं व्हिज्युअल एड, बॅगेत सॅम्पल, खिशात पेन. दिवसाला दहा-बारा डॉक्टर, पाच-सहा केमिस्ट आणि रात्री दिवसभराचा रिपोर्ट. १९७६ साली आमच्यासाठी वेगळा कायदा झाला, त्यामुळे नेमणूक पत्र आणि रजा हक्काच्या झाल्या. टार्गेटपासून मात्र कोणताही कायदा वाचवत नाही.

माझं हेडक्वार्टर कराड होतं. उंब्रज, पाटण, इस्लामपूर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथं मुक्काम. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर ही नोकरी मिळाली होती. अब्बांची शिलाई मशीन तेव्हाही चालू होती, पण डोळे साथ देत नव्हते. त्यामुळे नोकरी आवडते की नाही, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

कंपनीत मला सगळे 'के.के.' म्हणत. माझं नाव उर्दूतल्या 'खे' या अक्षरानं सुरू होतं. मराठीत ते 'ख' लिहितात, इंग्रजीत 'के' आणि 'एच' अशी दोन अक्षरं लागतात. वडिलांचं नावही त्याच अक्षरानं सुरू होतं. पहिल्याच आठवड्यात आमच्या एरिया मॅनेजरनी दोघांची पहिली अक्षरं उचलली आणि के.के. तयार केला. म्हणाले, "डॉक्टरांना लक्षात राहतं. वेळ वाचतो." व्हिजिटिंग कार्डावरही तेच छापून आलं. के.के. आणि पुढे कंपनीचं नाव. आडनाव नाही.

एरिया मॅनेजर सांगलीकडचे. माणूस वाईट नव्हता. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी दोन दिवस रजा मंजूर केली आणि स्वतः जेवायला आले. पण नावामागे वेळ वाचवण्यापलीकडे आणखी एक कारण होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते आम्ही चार वर्षं बोललो नाही. ते बोललं गेलं २००६ च्या जुलैत. ११ जुलैला मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. दीडशेहून जास्त माणसं गेली. दोन दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. "सध्या के.के. एवढंच ठेव. दिवस बरे नाहीत. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय." ते खरोखर माझ्या भल्यासाठीच सांगत होते. म्हणूनच त्यावर उत्तर सुचेना. ८ सप्टेंबरला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजीनंतर स्फोट झाले. त्यात मेलेले बहुतेक आमचेच लोक होते. तेव्हा कुणाचा फोन आला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सायकल मीटिंग लागली. दर तीन-चार महिन्यांनी कंपनी आपल्या माणसांना एका ठिकाणी बोलावते, मागचा हिशोब घेते आणि पुढचा माल गळ्यात घालते. तिला सायकल मीटिंग म्हणतात. या वेळी सगळ्या महाराष्ट्राची एकत्र मीटिंग होती, मुंबईत, अंधेरीला विमानतळाजवळच्या हॉटेलात. रमजान सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालो. सहेरी गाडीतच केली. डब्यात अम्मीनं दिलेली चपाती आणि खिमा होता. समोरच्या बाकावरचे आजोबा उठले आणि त्यांनी न विचारता त्यांची पाण्याची बाटली पुढे केली.

सेल्स मीटिंग ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. थंडगार हॉल, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, प्रत्येकासमोर पेपरमिंटची वाटी. पडद्यावर एकेका हेडक्वार्टरचे आकडे येतात. ज्याचे आकडे असतील त्यानं उभं राहायचं. टार्गेट किती, झालं किती, टक्के किती, का कमी, पुढच्या महिन्यात कसं भरून काढणार. नव्वद टक्क्यांच्या वर असाल तर टाळ्या. सत्तरच्या खाली असाल तर सेल्स मॅनेजर पाण्याचा घोट घेतात आणि हॉल शांत होतो. पन्नाशीचे, मुलीचं लग्न ठरलेले गृहस्थ तिथं शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून उभे राहिलेले मी पाहिलेत. मी त्या दिवशी ब्याऐंशी टक्क्यांवर होतो. टाळ्याही नाहीत, पाण्याचा घोटही नाही.

सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. प्रायमरी, सेकंडरी, क्लोजिंग स्टॉक, आउटस्टँडिंग. पण चहाला बाहेर आलो की हेच लोक मराठीत म्हणत, "बाकी किती राहिली? वसूल झाली का? माल पडून आहे का? खर्च निघतो का?" बाकी, वसूल, माल, खर्च, आणि त्यांच्या जोडीला जमा, हिशोब, नफा, किंमत, बाजार, दुकान. महाराष्ट्रातला व्यापार ज्या शब्दांवर चालतो, ते सगळे फारसी-अरबीतून आलेले. माधव जूलियनांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' काढला, तो याच शब्दांचा पसारा मांडण्यासाठी. त्या हॉलमध्ये माझं नाव लांब आणि अवघड होतं. पण त्याच नावाच्या मुलखातून आलेले शंभर शब्द लोकांच्या तोंडात इतके रुळलेले होते, की ते बाहेरून आले हेही कुणाला आठवत नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आता वर्गात शिकवताना रोज दिसतं.

दुपारी बारा वाजता नवीन औषध बाजारात आणण्याचा कार्यक्रम होता. पडदा सरकला, संगीत वाजलं आणि एक टीव्ही अभिनेते आत आले. त्या वेळच्या एका हिंदी मालिकेत ते मोठ्या डॉक्टरची भूमिका करत. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हुबेहूब मालिकेतल्यासारखे. हॉल उभा राहिला. आमच्यातले निम्मे लोक ज्यांच्या दारात रोज दोन-दोन तास थांबत, त्या खऱ्या डॉक्टरांसाठी इतक्या आनंदानं कधी उठले नव्हते. त्या अभिनेत्यांचं नाव मी देत नाही. पुढे त्यांचं-माझं जे बोलणं झालं ते दोघांतलं होतं, आणि ते परवानगी द्यायला आता नाहीत.

त्यांनी लिहून दिलेलं भाषण वाचलं. मग खेळ ठेवला होता. ते डॉक्टर म्हणून खुर्चीवर बसणार आणि आमच्यातल्या तिघांनी येऊन त्यांना नवीन औषध सांगायचं. चिठ्ठ्या टाकल्या. तिसरी चिठ्ठी कराडची निघाली.

मी व्हिज्युअल एड घेऊन वर गेलो. रोज्यानं घसा कोरडा पडला होता. "गुड मॉर्निंग सर, आय अॅम के.के. फ्रॉम..."

त्यांनी हात वर केला. "के.के. म्हणजे काय?" मराठीत विचारलं. हॉल हसला. मी म्हणालो, "सर, नावच आहे."

"नाव पूर्ण सांगा की. माझ्या दवाखान्यात आलाय, मला कळू दे कोण आलंय."

मी पूर्ण नाव सांगितलं. कंपनीत सांगायचो तसं, साध्या 'ख'नं. त्यांनी ते ऐकलं आणि परत उच्चारलं. पण त्यांच्या तोंडून जे निघालं ते साधं 'ख' नव्हतं, घशातून घासून येणारं 'खे' होतं. नंतरच्या 'ल'वर जितका वेळ थांबायला हवं तितकाच थांबले, आणि आडनावातलं 'ख'ही तसंच. माझं नाव असं मी फक्त दोन ठिकाणी ऐकलं होतं. एक मदरशात मौलवीसाहेबांकडून आणि दुसरं आमच्या उर्दू शाळेच्या हेडमास्तरांकडून, हजेरी घेताना. शंभर-सव्वाशे माणसांच्या हॉलमध्ये, माईकवर, पांढऱ्या कोटातल्या माणसानं ते म्हटलं आणि मी दोन सेकंद पुढचं वाक्य विसरलो.

"बोला," ते म्हणाले, "दीड मिनिट आहे तुमच्याकडे."

मग मी बोललो. शेवटी त्यांनी स्क्रिप्टमध्ये नसलेला प्रश्न विचारला. "एका स्ट्रिपची किंमत काय? माझ्याकडे शेतमजूर येतात." आम्हाला शिकवलेलं असं, की स्ट्रिपची किंमत सांगायची नाही, रोजचा खर्च सांगायचा, आकडा लहान दिसतो. मी स्ट्रिपची किंमत सांगितली. मार्केटिंगच्या टेबलावरचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. अभिनेते म्हणाले, "महाग आहे, पण खरं सांगितलंत. दोन पेशंटना लिहून बघतो." पुन्हा हशा, टाळ्या. मी खाली आलो. एरिया मॅनेजरनी पाठीवर थाप मारली आणि काहीच बोलले नाहीत.

जेवणाची सुट्टी झाली. मी जोहरची नमाज खोलीत उरकून खाली आलो आणि लॉबीच्या कडेला एका सोफ्यावर बसलो. पलीकडच्या सोफ्यावर तेच बसले होते. कोट काढलेला, साधा खादीचा शर्ट, शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत स्टेथोस्कोप. गाडीची वाट बघत होते. मला पाहून म्हणाले, "रोजा आहे ना? मघाशी ओठ सुकलेले दिसले. बस."

मी विचारलं, "सर, नाव तुम्ही कसं काय..."

ते मूळचे मराठी नाटकातले. ऐन तारुण्यात मुंबईत हिंदी नाटकात एक काम मिळालं आणि दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी घरी पाठवलं. उच्चार सुधारून ये, मग बघू. भेंडीबाजारात एक म्हातारे मास्तर होते, त्यांच्याकडे वर्षभर गेले. मास्तर पैसे घेत नसत, फक्त पान आणायला लावत. पहिले दोन महिने नुसती अक्षरं. 'खे'साठी पाण्याची गुळणी करायला लावत आणि पाणी न घेता तोच आवाज काढ म्हणत. "आपण मराठी माणसं," ते म्हणाले, "ज आणि ज यातला फरक जन्मापासून करतो, जावई वेगळा आणि जीव वेगळा. पण लिहिताना एकच. म्हणून आपल्याला वाटतं, उर्दूवाल्यांचे नुक्ते म्हणजे नुसती नक्षी."

हे ऐकताना मला लता मंगेशकरांची गोष्ट आठवली. सुरुवातीच्या दिवसांत लोकलच्या प्रवासात दिलीपकुमारांनी मराठी गायिकेच्या उर्दू उच्चारांबद्दल शंका काढली, आणि त्या चिडून बसल्या नाहीत, एका मौलानांकडे उर्दू शिकायला लागल्या. त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलेली ही गोष्ट आहे. उर्दू शिकलेल्या मराठी माणसांची एक लांब रांग आहे या मुंबईत. मी समोर पाहत होतो तो त्या रांगेतला एक, कमी प्रसिद्ध माणूस.

त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कसं बोलतात?"

मी म्हणालो, "सर, आम्ही दखनी. अम्मी म्हणते, 'मेरा खलम किदर गया रे?' आमच्याकडे क़ाफचाही ख होतो. वक्तला वखत म्हणतो."

ते इतके मोठ्यानं हसले की काउंटरवरचा मुलगा वळून बघू लागला. मग म्हणाले, "टीव्हीवर मला तीनदा मुसलमान करायला सांगितलं. एकदा कव्वाल, एकदा म्हातारा ड्रायव्हर, एकदा बॉम्ब ठेवणारा. तिघेही लखनौचे असल्यासारखे बोलायचे. डोळ्यांत सुरमा, दर वाक्याला जनाब. मी म्हटलं, अरे, माझ्या गावात मुसलमान आहेत, ते 'आवं, चला की' म्हणतात. दिग्दर्शक म्हणाला, मग प्रेक्षकांना तो मुसलमान आहे हे कळणार कसं?"

हा प्रश्न मी पुढे कधीच विसरलो नाही. मुसलमान आहे हे कळणार कसं? मालिकेत ते कळावं म्हणून सुरमा लावतात. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ते कळू नये म्हणून नाव कापलं होतं. दोन्हीकडे कराडचा, मराठी बोलणारा, मोटारसायकलवर पाटणला जाणारा मी कुठेच नव्हतो.

त्याच दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात 'महाभारत' चाललं तेव्हा रविवारी सकाळी आमच्या मोहल्ल्यातले रस्तेही ओस पडत. त्या मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले आणि अर्जुन झाला होता फिरोज खान नावाचा नट. तेव्हा आमच्या घरी याचा अभिमान होता, पण आश्चर्य नव्हतं. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत काय बदललं, ते त्या अभिनेत्यांनाही सांगता आलं नाही. म्हणाले, "तेव्हा लिहिणारे वाचणारे होते." एवढंच.

त्यांची गाडी आली. उठताना म्हणाले, "लोक मला रस्त्यात थांबवून एक्स-रे दाखवतात. मी सांगतो, अहो मी खोटा डॉक्टर. त्यांना चालतं. खोट्या डॉक्टरावर लोकांचा विश्वास बसतो. तू तर खरं नाव घेऊन जाणार आहेस." आणि गेले. पुन्हा भेट झाली नाही.

संध्याकाळी गाला डिनर होतं. दारू, डीजे, वर्षभर दबलेल्या माणसांचं नाचणं. साडेसहाच्या सुमारास माझा खोलीतला साथीदार, नागपूरचा, वर आला. त्यानं खाली बुफेतून कलिंगडाच्या फोडी बशीत आणल्या होत्या. मी खजूर काढले. दोघांनी मिळून रोजा सोडला. रोजा माझा होता, भूक दोघांची. मग तो नाचायला गेला आणि मी मगरिबला उभा राहिलो.

परत आल्यावर मी हेड ऑफिसला अर्ज केला, की कार्डावर पूर्ण नाव छापून मिळावं. एरिया मॅनेजरांना आधी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सेल पडला तर माझ्याकडे येऊ नकोस." पण अर्जावर शिफारस त्यांनीच लिहिली. तीन महिन्यांनी कार्डं आली. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी संसदेत सच्चर समितीचा अहवाल मांडला गेला होता आणि वर्तमानपत्रांत आकडे येत होते: देशात मुसलमान १३.४ टक्के, आयएएसमध्ये ३ टक्के. खासगी कंपन्यांच्या सेल्स मीटिंगमध्ये किती, हे कुणी मोजत नव्हतं. आमच्या हॉलमध्ये मी मोजले होते. चार.

विक्रीचं काय झालं? वाढली नाही, पडलीही नाही. एका गावातल्या कंपाउंडरनं मला नंतर जरा जास्त वेळ बाहेर बसवायला सुरुवात केली. शेजारच्याच गावातले सत्तरीचे डॉक्टर कार्ड चष्म्याजवळ धरून म्हणाले, "हे तुझं नाव होय? चार वर्षं मी के.के. म्हणतोय. मला वाटलं कुलकर्णी असशील." आणि नर्सला हाक मारून चहा सांगितला. हिशोब केला तर जमा आणि बाकी सारखीच निघाली. पण दवाखान्याबाहेर बसलेलो असताना आतून माझ्या नावानं हाक यायची, आणि त्या हाकेला उठून जाणं वेगळं होतं.

२००८ मध्ये नोकरी सोडली, बी.एड. केलं आणि शाळेत आलो. इथं नाव हा रोजचा विषय आहे. आमच्या मुलांची अडचण उलटी. त्यांना 'खे' येतं, 'ळ' येत नाही. 'बाळ'चं 'बाल' करतात आणि 'कमळ'चं 'कमल'. मी त्यांना जीभ मागे वळवायला लावतो, भेंडीबाजारच्या मास्तरांसारखंच. पान मात्र आणायला लावत नाही.

आणि खरी लढाई कागदावर आहे. एकाच मुलाचं नाव जनरल रजिस्टरमध्ये एक, आधारवर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. शेख, शेक, शैख. फातिमा, फातेमा, फातमा. लिहिणाऱ्या क्लार्कनं जसं ऐकलं तसं लिहिलं, आणि अडाणी आईबापांनी अंगठा दिला. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा नवा कायदा झाला आणि २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या दारात पालकांची रांग लागली. आजोबांच्या शाळेचा दाखला मिळेल का, एवढं एक अक्षर दुरुस्त होईल का. साठीतले गृहस्थ तिसरीतल्या आपल्या नावावर बोट ठेवून विचारत, "सर, हा मीच ना?" शाळा सोडलेल्या मुलाच्या नावात दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, मुख्याध्यापकांच्या हातात ते नसतं. रांगेतल्या माणसाला हे समजावून सांगणं फार जड जायचं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा रांग संपली, भीती संपली नाही.

तेव्हापासून जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मी धडा घेत नाही. प्रत्येक मुलानं आपलं, वडिलांचं आणि आईचं नाव आधी उर्दूत आणि मग मराठीत लिहायचं. मग ते रजिस्टरशी, आधारशी ताडून पाहायचं. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते. मराठीत 'खे'साठी वेगळं अक्षर नाही, म्हणून साधा 'ख'च लिहा म्हणतो. कागदावर नुक्ता मागू नका, पण तोंडातला सोडू नका. कुणी नाव चुकीचं घेतलं तर भांडू नका; एकदा नीट म्हणून दाखवा. बहुतेक माणसं दुसऱ्यांदा बरोबर म्हणतात.

यंदा नववीत बेचाळीस मुलं आहेत. ताडून पाहिलं तर अकरा नावांत फरक निघाला. आठ जणांचे अर्ज गेले आहेत. उरलेल्या तिघांच्या आयांना शनिवारी शाळेत बोलावलं आहे, मूळ जन्मदाखला घेऊन.